‘पिंग कर’ म्हणजे नेमकं काय कर?

परवा रविवारी दुपारी आमच्या घरी दहा मिनिटांत एकच शब्द तीनदा कानावर पडला, आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता.

भाचा मोबाइलवर गेम खेळत होता. मध्येच वैतागून ओरडला, “पिंग दोनशेवर गेलाय, आता मी मरणार!” त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणाली, “ओरडू नकोस रे, ऑफिसातून पिंग आलाय.” आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आमचे काका, वय वर्षं ८१, चष्म्यावरून बघत म्हणाले, “नुसता पिंग? आमच्या वेळी त्याच्यासोबत पाँगही यायचा.”

सगळे हसले, चहा आला, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो घोळत राहिला. गेममधला पिंग, ऑफिसातला पिंग आणि काकांचा पिंगपाँग हे सख्खे भाऊ की नुसते आडनावबंधू? शोधायला बसले तेव्हा कळलं, तिघांचं मूळ एकच आहे. आणि या शब्दाच्या प्रवासातला एक मोठा थांबा चक्क आपल्या मुंबईत आहे.

नखाची टिचकी

स्वयंपाकघरातला एखादा पातळ काचेचा ग्लास घ्या आणि त्याच्या काठावर नखाने हलकी टिचकी मारा. जो आवाज येतो तो इंग्रजी कानाला ‘पिंग’ असा ऐकू येतो. आपण कदाचित ‘टिंग’ म्हणू. आवाज तोच, कान वेगळे.

शाळेच्या व्याकरणात आपण अशा शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणून शिकलो आहोत. कडकड, खळखळ, किणकिण, गुणगुण. मराठीचं एकदा आवाज काढून समाधान होत नाही, ती तो दोनदा काढते. इंग्रजी बहुधा एकदाच काढून मोकळी होते.

पण दोन्ही भाषांत एक गंमत सारखी आहे. ‘पिंग’ हा शब्द सावकाश म्हणून बघा. आधी ओठ मिटतात आणि फटकन उघडतात, तो झाला आघात. मग ऱ्हस्व, बारीक ‘इ’, म्हणजे आपटलेली वस्तू छोटी आणि टणक. आणि शेवटी आवाज नाकात शिरून रेंगाळतो, ती झाली मागे राहिलेली कंपनं. आता मराठीकडे वळा. पितळेचं भांडं पडलं की ‘ठण’ होतं. नाणं ‘खण’ वाजतं. घंटा ‘टण’ करते, पैंजण ‘छुम’ करतात. सगळ्यांच्या शेवटी अनुनासिक आहे, कारण या वस्तू वाजल्यावर घुमत राहतात. आणि न घुमणाऱ्या वस्तू? पुस्तक पडलं की ‘धप्प’, पाण्याचा थेंब ‘टप्प’, दार ‘धाडकन’ लागलं की ‘खट्ट’. तिथे नाकाचं काही काम नाही; आवाज झाला आणि संपला. हे कुणी ठरवून केलेलं नाही. आपल्या पूर्वजांच्या कानांनी आणि जिभांनी आपापसांत मिटवलेली ही गोष्ट आहे.

इंग्रजीत हा ‘पिंग’ १८३५च्या सुमारास छापील मजकुरात दिसू लागतो. तेव्हा तो ग्लासचा किंवा घंटीचा नव्हता, बंदुकीच्या गोळीचा होता. गोळी सणसणत येऊन कशावर तरी आदळते, तेव्हाचा तो आवाज. म्हणजे आज जो शब्द “वेळ मिळाला की बोल” इतक्या सौम्यपणे वापरला जातो, त्याचा जन्म रणांगणाच्या आसपासचा आहे.

जाता जाता एक चकवा. जुन्या इंग्रजीत याच उच्चाराचा आणखी एक शब्द होता आणि त्याचा अर्थ होता टोचणे, ढोसणे. तो लॅटिनमधून आला होता. ज्या लॅटिन धातूपासून तो आला, त्याच धातूपासून आपल्या रोजच्या वापरातला ‘पंक्चर’ आलेला आहे. ऑफिसातल्या पिंगला वैतागलेल्या माणसाला वाटेल की हाच खरा बाप! पण नाही. टोचणारा पिंग वेगळा आणि वाजणारा पिंग वेगळा. आपण ज्याच्या मागावर आहोत तो वाजणारा.

मुंबईत हरवलेला आवाज

काकांचा पिंगपाँग सुरू झाला इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत. रात्रीचं जेवण उरकलं की त्याच लांबलचक टेबलावर मध्ये काहीतरी आडवं बांधून लॉन टेनिसची घरगुती नक्कल करायची, असा हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतला खेळ. सुरुवातीला त्यात रबराचे किंवा बुचाच्या लाकडाचे चेंडू असत. रबराचा चेंडू फार उसळे, बुचाचा उसळतच नसे. ‘जॅक्स’ नावाच्या खेळसाहित्याच्या कंपनीने हा खेळ ‘गॉसिमा’ नावाने बाजारात आणून पाहिला, पण तो काही चालला नाही.

मग १९००च्या आसपास जेम्स गिब नावाचे एक इंग्रज गृहस्थ अमेरिकेतून सेल्युलॉइडचे पोकळ, हलके चेंडू घेऊन आले, असं सांगतात. त्या काळच्या बॅटी आजच्यासारख्या नव्हत्या. लांब दांडा आणि पुढच्या गोलावर ताणून बसवलेलं पातळ कातडं, म्हणजे छोटी डफलीच म्हणा ना. त्या कातड्यावर सेल्युलॉइडचा चेंडू आपटला की इकडून ‘पिंग’ आणि तिकडून ‘पाँग’. नाव वेगळं शोधायची गरजच उरली नाही, खेळ स्वतःच आपलं नाव सांगत होता. कंपनीने ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं आणि अमेरिकेतले हक्क पुढे पार्कर ब्रदर्स या कंपनीकडे गेले.

नाव असं कुणाच्या तरी मालकीचं झाल्यामुळे १९२६ साली जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिने ‘टेबल टेनिस’ हे नाव घेतलं. या संघटनेच्या संस्थापक सदस्यांत भारतही होता, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. चीनमध्ये मात्र ‘पिंगपाँग’च रूढ झालं. चिनी लिपीत हे दोन आवाज लिहिण्याची दोन अक्षरं फार मजेदार आहेत. ‘सैनिक’ या अर्थाचं जे अक्षर आहे, त्याचा एक पाय काढला की पिंग आणि दुसरा पाय काढला की पाँग. एकेका पायावर उभे असलेले दोन शिपाई समोरासमोर टोलवाटोलवी करताहेत, असं काहीसं चित्र दिसतं.

आता मुंबई. फेब्रुवारी १९५२. जागतिक टेबल टेनिस स्पर्धा पहिल्यांदाच आशियात होत होती आणि यजमान होता नुकताच प्रजासत्ताक झालेला भारत. पुरुषांमधले दादा खेळाडू युरोपचे, विशेषतः हंगेरीचे, आणि काही अमेरिकेचे. कातड्याच्या बॅटी केव्हाच मागे पडल्या होत्या. लाकडी फळीवर बारीक दाण्यांचं रबर लावलेल्या बॅटीने सगळे खेळत. त्यांचा आवाज आता पिंग नव्हता, ‘टक’ असा होता. पण होता आणि खणखणीत होता. तरबेज खेळाडू डोळ्यांइतकाच कानांनीही खेळे. समोरच्याने चेंडू किती जोरात मारला, नुसता थोपवला की कापून फिरवला, याचा निम्मा अंदाज त्या आवाजावरून येई.

जपानच्या संघात हिरोजी सातोह नावाचा चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा एक खेळाडू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर बसलेला परकीय अंमल तेव्हा अजून पुरता उठलाही नव्हता. सातोहकडे जग जिंकण्याच्या अपेक्षेने कुणीच बघत नव्हतं. त्याच्या बॅटीवर मात्र रबराऐवजी जाड स्पंज चिकटवलेला होता.

त्या स्पंजाने दोन गोष्टी केल्या. एक, चेंडू त्यात क्षणभर रुतून मग गोफणीसारखा सुटे. आणि दोन, आवाज होईनासा झाला. समोरच्या टोकाला टक, आणि सातोहच्या टोकाला काहीच नाही. भरवर्गात कुणी प्रश्न विचारावा आणि समोरच्याने नुसतं बघत राहावं, तशी प्रतिस्पर्ध्यांची अवस्था झाली. अमेरिकेचा मार्टी रीसमन हा त्या स्पर्धेतला मोठा दावेदार होता. सातोहकडून तो हरला आणि ती हार त्याने आयुष्यभर विसरली नाही. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातोह पुरुष एकेरीचा पहिला आशियाई जगज्जेता झाला.

ज्या खेळाचं नावच आवाजावरून पडलं, त्या खेळातला आवाज अशा रीतीने मुंबईत बंद झाला. पुढे काही वर्षं यावर जोरदार वाद झाले. शेवटी १९५९ साली बॅटीवरच्या थरांची जाडी नियमात बांधली गेली; नुसता स्पंज चालणार नाही, वर रबर हवं, असं ठरलं. आज दुकानात मिळते ती बॅट त्या तडजोडीतून आलेली. रीसमन मात्र हट्टाला पेटलेला गडी. जुन्या, वाजणाऱ्या बॅटीनेच खेळत राहिला आणि १९९७ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अशा बॅटींची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. मला सातोहचं कौतुक आहेच. पण खरं सांगू? जीव रीसमनवर जास्त जडतो.

२०१४ पासून सेल्युलॉइडचे चेंडूही मागे पडले आणि साध्या प्लास्टिकचे आले. म्हणजे १९०१ साली ज्या दोन वस्तू एकमेकींवर आपटून पिंग व्हायचा, त्यातली एकही आज टेबलावर नाही. नाव तेवढं आहे.

गंमत म्हणजे ज्या १९५९ साली स्पंजाचा निकाल लागला, त्याच साली कॅलिफोर्नियात कार्स्टन सोल्हाइम नावाचे इंजिनिअर घराच्या गॅरेजमध्ये गोल्फची काठी घडवत होते. तिने चेंडू ढकलला की पिंग असा गोड आवाज येई. त्यांनी काठीचं नाव ठेवलं ‘पिंग’, आणि पुढे कंपनीचंही तेच. एका खेळातून हा आवाज निघून गेला आणि दुसऱ्यात जाऊन बसला.

पाण्याखालची हाक

इथवर पिंग म्हणजे काहीतरी कशावर तरी आपटल्याचा आवाज, एवढंच होतं. त्याला नवा अर्थ मिळाला तो समुद्रात.

पाण्याखाली प्रकाश फार लांब जात नाही, रेडिओलहरी तर लगेच विरतात. ध्वनी मात्र तिथे खुशाल धावतो. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली, तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झच्या स्फटिकांतून पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडायचं तंत्र विकसित केलं. इंग्रज नौदलानेही तेच काम हाती घेतलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही यंत्रं युद्धनौकांवर बसली होती. आज आपण त्यांना सोनार म्हणतो.

जहाज पाण्यात एक उंच सुराचा टोला सोडतं. तो कशावर आपटला, तर परत येतो. दोन सेकंदांनी परत आला तर जाऊन-येऊन तीन किलोमीटर, म्हणजे वस्तू दीड किलोमीटरवर. यंत्रावर बसलेला खलाशी कानाला हेडफोन लावून हेच ऐकत राही. आपण सोडलेला पिंग, मग शांतता, मग परत आलेला असेल तर त्याचा बारीक पडसाद. आणि पाणबुडीच्या पोटात बसलेल्या माणसांनाही तो पिंग वरून ऐकू येई. त्यांनी श्वास रोखून धरलेला असे, कारण पिंग जवळ येतोय म्हणजे वरच्या जहाजाला आपण सापडलो.

म्हणून पाणबुडीचे कप्तान स्वतः सहसा पिंग करत नाहीत. गुपचूप ऐकत राहतात. पिंग केला की समोरचा कळतो खरा, पण आपण कुठे आहोत हेही त्याला कळतं. ऑनलाइन दिसायचं नसेल तर कुणाला मेसेज करू नये, हे आपल्याला फोन वापरताना उमगलेलं शहाणपण त्यांना फार आधीपासून आहे.

युद्ध संपलं, तंत्र राहिलं. कोकणातल्या, गोव्यातल्या ट्रॉलरवर आज मासे शोधायचं जे यंत्र असतं, ते याच जातीचं. खाली आवाज सोडायचा आणि थव्यावर आपटून काय परत येतं ते पडद्यावर बघायचं.

तर समुद्रात या शब्दाचा अर्थ बदलला. आता पिंग म्हणजे नुसता आवाज राहिला नाही, तो प्रश्न झाला. कुणी आहे का तिकडे? आणि त्या प्रश्नानंतरचं थांबणंही त्याच शब्दात आलं.

डिसेंबरमधली एक संध्याकाळ

१९८३ सालचा डिसेंबर. अमेरिकेच्या लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस हा पंचविशीतला प्रोग्रामर काम करत होता. संगणकांचं जाळं विचित्र वागत होतं. कुठलं यंत्र जोडलेलं आहे आणि कुठलं तुटलंय, कळेना. संगणकाने संगणकाला ‘प्रतिध्वनी दे’ असा छोटा निरोप पाठवावा आणि समोरच्याने तो जसाच्या तसा परत करावा, अशी सोय नेटवर्कच्या नियमांत आधीपासून होती. मूसने तिच्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला, तोही एका संध्याकाळीत. निरोप पाठवायचा, घड्याळ लावायचं, उत्तर आलं की किती वेळ लागला ते छापायचं. कॉलेजात असताना त्याने सोनारचा अभ्यास केलेला होता, त्यामुळे प्रोग्रामचं नाव त्याला शोधावं लागलं नाही.

या नावाचा अमुक-तमुक शब्दांचा लघुरूप म्हणून विस्तार तुम्हाला कॉम्प्युटरच्या क्लासात कुणी पाठ करायला लावला असेल, तर तो नंतर दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने जुळवलेला आहे. मूसच्या मते ते लघुरूप नव्हतंच. तो सोनारचा आवाज होता, बस.

या प्रोग्रामची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती मूसनेच लिहून ठेवली आहे. एकदा इमारतीतल्या नेटवर्कची केबल कुठेतरी सैल झाली होती. तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका माणसाने मूसच्या या प्रोग्रामला आवाज काढणारं यंत्र जोडलं आणि आवाज मोठा केला. उत्तर आलं की यंत्र म्हणे ‘पिंग’. पिंग, पिंग, पिंग असा घोष चालू ठेवून तो इमारतभर फिरला आणि एकेक जोड हलवून पाहू लागला. ज्या जोडाला हात लावल्यावर पिंग थांबला, तिथे दोष. म्हणजे पन्नासच्या दशकात टेबलावरून गेलेला आवाज या पठ्ठ्याने तारांमधून परत काढला!

आपल्या हातून झालेलं सगळ्यांत प्रसिद्ध काम हेच ठरणार आहे, हे आधी कळलं असतं तर त्यावर आणखी एखादा दिवस घालवला असता, असंही मूसने गमतीने लिहिलं आहे. नोव्हेंबर २०००मध्ये रस्ता अपघातात मूस गेला. वय अवघं ४२. त्याचा तो एका संध्याकाळीचा प्रोग्राम आज जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे.

आता भाच्याकडे येऊ. गेममध्ये कोपऱ्यात ‘पिंग’ म्हणून जो आकडा दिसतो, तो हाच वेळ, मिलिसेकंदांत. मोबाइलमधून निघालेला निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. दोनशे म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात समोरचा गोळी झाडून मोकळा होतो आणि पोराला कळतं तेव्हा खेळ संपलेला असतो. यावर “महागडा प्लॅन घेऊन दे” हा त्याचा हट्ट असतो. त्याला मी एक हिशेब करून दाखवला. समजा सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, जाऊन-येऊन ७,८००. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाटेत काहीही अडथळा नसला तरी ३९ मिलिसेकंद लागणारच. कुठलीही कंपनी, कितीही पैसे घेऊन, याच्या खाली आणू शकत नाही. पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं, मग म्हणालं, “पण दोनशेचे साठ तर होतील ना?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोचलीस का?

या शब्दाचं सगळ्यांत जड रूप जगाने २०१४ साली पाहिलं. ८ मार्चच्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशियाचं एमएच ३७० हे विमान १ वाजून २१ मिनिटांनी नागरी रडारच्या पडद्यावरून नाहीसं झालं. कर्मचाऱ्यांसह २३९ माणसं होती, त्यात पाच भारतीय. वैमानिकांकडून शब्द नाही, संकटाचा संदेश नाही.

पण विमानातलं उपग्रहाशी बोलणारं यंत्र चालू होतं. बराच वेळ काही बोलणं झालं नाही, की जमिनीवरचं केंद्र उपग्रहामार्फत विमानाला आपोआप विचारतं, आहेस का? आणि विमान आपोआप सांगतं, आहे. वर्तमानपत्रांनी याला पिंगच म्हटलं. त्या रात्री हे पिंग तासातासाने चालू राहिले. शेवटची खूण सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची. म्हणजे सगळ्या जगासाठी नाहीसं झाल्यानंतर जवळजवळ सात तास ते विमान ‘आहे’ म्हणत होतं. ते उत्तर यायला किती वेळ लागला यावरून, सोनारच्याच हिशेबाने, विमान उपग्रहापासून किती लांब होतं ते अभियंत्यांनी काढलं आणि शोध दक्षिण हिंदी महासागराकडे वळला.

तिथे मग दुसरे पिंग शोधायला सुरुवात झाली. ब्लॅक बॉक्सला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं, ते पाण्यात पडलं की दर सेकंदाला टोला सोडतं. त्याचा सूर इतका उंच, की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही, आणि बॅटरी साधारण ३० दिवसांची. एप्रिलमध्ये जहाजांना काही आवाज मिळाले, जगभर आशा पालवली, आणि ते आवाज त्या विमानाचे नव्हते असं निघालं. बॅटरीची मुदत संपली. पुढे काही तुकडे दूरच्या किनाऱ्यांना लागले. मुख्य सांगाडा मात्र त्यानंतरच्या दोन मोठ्या शोधमोहिमांना सापडला नाही. या यंत्रांची बॅटरी आता ९० दिवस टिकली पाहिजे, असा नियम झाला आहे.

हे वाचताना मला आमच्या घरचा जुना फोन आठवत राहिला. नव्वदच्या दशकात मी नागपूरहून पुण्याला शिकायला होते. रात्रभराचा बसचा प्रवास. निघताना आईचं एकच सांगणं, “पोचलीस की दोन रिंग दे.” स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून घरचा नंबर लावायचा, दोन रिंग वाजल्या की ठेवून द्यायचा. समोरून उचलला नाही तर मीटर पडत नसे, त्यामुळे बूथवाला भुवया चढवून बघे. तिकडे आई फोनजवळ बसलेली, पण उचलायची नाही. दोन रिंग म्हणजे पोचली. तीन म्हणजे काहीतरी आहे, उचल. पुढे मोबाइल आले आणि अख्ख्या देशाने हीच युक्ती मिस्ड कॉल म्हणून उचलली. मूसचा प्रोग्राम तरी याहून वेगळं काय करत होता?

एकदा मी विसरले. बस सहा तास उशिरा पोचली, मैत्रिणी घ्यायला आल्या होत्या, थेट परीक्षेच्या फॉर्मच्या रांगेत जाऊन उभी राहिले. संध्याकाळी रेक्टरबाईंनी खोलीवर निरोप पाठवला, घरून फोन आहे. आई एवढंच म्हणाली, “पोचलीस ना? बरं.” आणि ठेवून दिला. ती सकाळपासून फोनशेजारच्या खुर्चीतून उठली नव्हती, हे मला बाबांनी सांगितलं, तेही दिवाळीत घरी गेल्यावर.

बाबा आता नाहीत. आई अजून नागपूरलाच असते, एकटी. पहाटे उठते, देवपूजा करते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक फूल पाठवते. खाली ‘सुप्रभात’ आणि एखादा सुविचार. पूर्वी मी न बघताच पुढे सरकायचे. हल्ली आठ वाजून गेले आणि फूल आलं नाही, की माझा हात फोनकडे जातो. मागच्या महिन्यात साडेआठ झाले तरी आलं नाही, तेव्हा मी फोन लावला आणि दोन रिंग झाल्यावरही ठेवला नाही. नेट संपलं होतं म्हणे.

आज सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी जास्वंद आली. मीही लगेच नमस्काराचे हात जोडून पाठवले.